रोमचे पाट आणि आमच्या झऱ्याची वाटणी

रोमला जाऊन आलो हे कळल्यापासून देवरूखच्या बाजारात मला एकच प्रश्न विचारतात, पोप दिसला का? नाही दिसला. त्याच्या अंगणापर्यंत गेलो, रांग बघितली आणि बायकोच्या गुडघ्यांची आठवण होऊन मागे फिरलो. त्या मुक्कामात मी मुख्यतः पाणी बघितलं. म्हणजे रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी आणि त्याही आधी डोंगरातून शहरात आणलेलं पाणी, त्याचे पाट, टाक्या, नळ. शालन, म्हणजे आमची सौभाग्यवती, येईल जाईल त्याला सांगते की ह्या माणसाने जन्मभर पाण्याची नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर विमानात बसून पाणीच बघायला गेला.

नोकरी पोफळीला होती. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने येतं आणि तिथल्या वीजघरातल्या चाकांवर पडतं. त्या चाकांच्या देखभालीत माझी हयात गेली. रिटायर झाल्यावर कॉलनीतली खोली सोडली आणि गावी आलो. गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. तीन वाड्या आहेत. वरची, मधली, आणि सगळ्यात खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला आमची बौद्धवाडी. पावसात हा व्हाळ माणूस ओढून नेईल एवढा असतो आणि फेब्रुवारीनंतर त्यात नुसते दगड उरतात.

गावाला भरवशाचं पाणी एकच, वरच्या वाडीच्या माथ्यावरचा झरा. तो आटत नाही, मे महिन्यात फक्त बारीक होतो. त्या झऱ्यापासून एक पाट निघायचा आणि तिन्ही वाड्यांतल्या सुपारीच्या बागांना पाळीपाळीने पाणी देत आमच्या बागेत येऊन संपायचा. पाटावरची शेवटची बाग आमची, माझ्या वडिलांनी लावलेली. गेल्या पावसाळ्यात दरड आली आणि पाटाचं डोकंच घेऊन गेली. मग ठरलं की आता पाट नको, पाईप टाकायचा, म्हणजे बागांबरोबर पिण्याच्या पाण्याचीही सोय होईल. ग्रामपंचायतीने पाईप द्यायचं कबूल केलं. आराखडा मी काढायचा, कारण मी पोफळीचा माणूस.

झरा ज्यांच्या जमिनीत आहे ते वरच्या वाडीतले तात्या. वय ऐंशीच्या आसपास, तरुणपणी बोटीवर होते, इटलीची बंदरं बघून आलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झऱ्यापासून एक पाईप खाली सोडा, वाटेत ज्याने त्याने आपला नळ काढून घ्या, उरेल ते खाली जाईल. असा पाईप टाकला की काय होतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वरचे नळ उघडले की खालच्या नळाला हवा येते. आमच्या वाडीत मे महिन्यात सरकारी नळ कोरडा असतो आणि बायका व्हाळाच्या वाळूत डवरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. तात्यांच्या मनासारखा आराखडा काढला तर हे असंच चालू राहणार होतं. माझ्या मनासारखा काढला तर तात्या झऱ्याला हात लावू देणार नव्हते. आमच्या मुलीने, सुजाताने, रोमची तिकिटं आधीच काढली होती. ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. मी गावाला सांगितलं की परत आल्यावर शाळेत बैठक घेऊ, तोवर थांबा. खरं तर मला पळ काढायला निमित्त हवंच होतं.

सुजाताचं घर

दिवाळी झाल्यावर गेलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की शालनने विमानात जेवण उघडून बघितलं, झाकलं आणि पिशवीतला चिवडा काढला. तिच्या बॅगेत तांदळाचं पीठ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुकट होती. सुकट तिने पाचसहा पिशव्यांत गुंडाळली होती, तरी बॅग उघडल्यावर सुजाताचा सगळा फ्लॅट मिरकरवाडा बंदरासारखा वासाने भरला.

दुसऱ्या दिवशी शालनने ती परतली आणि दारावर थाप पडली. शेजारच्या आजीबाई उभ्या होत्या, नाक वर करून. सुजाताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिकडे शेजारी वासावरून तक्रार करतात म्हणे. आजीबाईंनी दोनतीन प्रश्न विचारले, वळल्या आणि आपल्या घरात गेल्या. आता पोलिसांना बोलावतात की काय, असं मला वाटलं. त्या परत आल्या त्या हातात काचेची बरणी घेऊन. आत मिठात मुरवलेले बोटाएवढे मासे. बघताक्षणी शालन म्हणाली की ही मांदेलीच्या भावकीतली आहे. मग दोघी समोरासमोर बसल्या, एक पावाबरोबर सुकट खातेय, एक भाकरीबरोबर ते मासे, आणि भाषेवाचून कुणाचंच अडत नाही. मिरचीने आजीबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या तरी त्यांनी ताटली सोडली नाही.

पाणी पिताना त्यांनी पेला उंच धरून मला दाखवला. सुजाताने सांगितलं की त्या म्हणतायत, हे डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी आहे, रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेतो तो एकतर परका असतो नाहीतर मूर्ख. त्यांना गर्व होता आणि तो साजत होता. फक्त किटलीच्या तळाशी चुन्याचा पांढरा थर होता, अंड्याच्या कवचासारखा. आपल्या जांभा दगडातून येणाऱ्या पाण्यात चुना नसतो, लोह असतं, म्हणून आपल्याकडे मोरीवर तांबडे डाग पडतात. प्रत्येक पाणी आपल्या डोंगराची खूण घेऊन येतं.

रोमच्या रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ आहेत, कमरेएवढे, वाकड्या नाकाचे. लोक त्यांना 'मोठ्ठं नाक' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ते रात्रंदिवस वाहतात. शालनला ते बघवेना. पहिल्या नळापाशी ती थांबली आणि बंद करायची चावी शोधायला लागली. पुढून बघितलं, मागून बघितलं, चावी नाही. सुजाता म्हणाली, आई, हा बंद होत नाही. शालनने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू पोरीने दूध उतू जाताना गॅस बंद करायचा नाही म्हणून सांगितलंय. मग तिने बोट घालून नळाचं तोंडच दाबलं. त्या नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, खालून बंद केलं की पाणी तिथून उडतं, वाकून प्यायला सोपं जावं म्हणून. ते उडालं ते थेट माझ्या चष्म्यावर. दोन पोरी कुत्रं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून हसल्या. शालनने बोट काढलं आणि माझं तोंड पदराने पुसत विचारलं की हा नळ कुणाच्या मालकीचा. सुजाता म्हणाली, कुणाच्याच नाही, कुणीही या आणि भरा.

कमानींच्या बागेत

शहराच्या कडेला भुयारी रेल्वेने जाता येतं अशी एक मोठी मोकळी जागा आहे. गवत, पाईनची झाडं, धावणारे लोक आणि त्यातून लांबच लांब चाललेली दगडी कमानींची ओळ. फोटोत बघितली होती, तरी समोर आल्यावर माझे पाय थांबले. एकेक कमान आमच्या घराच्या तिप्पट-चौपट उंच. शालनने डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे बघितलं.

"अवो, हितं नदी कुठं हाय? नदी नाय तर येवडा पूल कशाला बांधला?"

प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितलं की हा माणसांचा पूल नाही, पाण्याचा आहे. वर माथ्यावर एक बंद पाट आहे, माणूस वाकून चालेल एवढा. पाणी डोंगरातून निघालं, जमिनीखालून आलं आणि शहराजवळ सखल भाग लागला तिथे उंची टिकवायला त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोक फोटो काढतात ते कमानींचे, पण बहुतेक वाट जमिनीखालूनच असते. रोमचा सगळ्यात पहिला पाट तर जवळजवळ सगळाच जमिनीच्या पोटात होता. त्याआधी शहर नदीवर, विहिरींवर आणि आसपासच्या झऱ्यांवर जगत होतं. लोक वाढले, पाणी पुरेना, मग एक पाट आणला. तो पुरेना, दुसरा आणला. असे अकरा पाट झाले. त्यातले बरेचसे आणखी लांबून, आणखी उंचावरून, म्हणजे शहरातल्या वरच्या टेकड्यांनाही पाणी चढावं.

मला जे आवडलं ते उताराचं काम. पोफळीला आम्ही पाणी उंचावरून कोसळू देतो, त्याच्या अंगातला जोर काढून घ्यायचा असतो म्हणून. इथे उलट. उतार जास्त झाला तर पाणी पाट खरवडून काढणार, कमी झाला तर गाळ धरणार आणि थांबणार. म्हणून पाणी मैलोनमैल हळूहळू चालवत आणायचं, तापातून उठलेल्या माणसाला चालवतात तसं. मध्ये मध्ये गाळ बसायला हौद, वरून आत उतरायला विहिरी. हे सगळं त्यांनी लाकडी पाणपातळीच्या जोरावर केलं. मी तिथे गवतावर बसून राहिलो आणि शालनने भाजलेल्या चेस्टनटची पुडी सोडली. चव आपल्या भाजलेल्या फणसाच्या आठळीची, फक्त जरा गोड.

त्याच बागेत एक दुसरा, बुटका पाट आहे. तो चार-साडेचारशे वर्षांपूर्वीचा. तो बांधताना जुन्या रोमन पाटाच्या कमानी पाडून त्यांचाच दगड वापरला. मला आधी राग आला, मग वाटलं, आपणही हेच करतोय. दरडीतून निघालेले पाटाचे चिरे मीच आमच्या अंगणात आणून रचले होते.

तिथल्या पाटीवर लिहिलं होतं की चुन्याचे थर बसून पाट चोंदायचे, म्हणून आत उतरून ते छिन्नीने फोडून काढावे लागत. सुजाता वाचून सांगत होती. मी विचारलं, उतरायचं कोण? ती म्हणाली की ह्या कामाला गुलामांच्या टोळ्या असायच्या, शेकड्यांनी.

"म्हंजे हितं पन आमीच," शालन म्हणाली आणि पुडीतलं शेवटचं चेस्टनट तोंडात टाकलं.

इथे आमच्या पाटाचा रिवाज सांगायला हवा. दिवाळी झाली की पाट साफ करायचा. नियम असा की ज्याचं तोंड जिथे, म्हणजे ज्याच्या बागेला जिथून पाणी फुटतं, तिथवर त्याने झऱ्यापासून साफ करायचं. ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं. तात्यांच्या बागेचं तोंड झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून ते सकाळी फावडं घेऊन यायचे आणि न्याहारीला घरी जायचे. मधल्या वाडीचे दुपारी सुटायचे. आमचं तोंड शेवटी, म्हणून आम्ही पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत. सगळ्यात जास्त काम करणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात कमी पाणी, आणि वडिलांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. कारण पाळीत नाव मिळालं होतं हेच त्यांना खूप होतं. मी त्यांच्याबरोबर चिखल उपसलेला आहे, माझी त्यावर चिडचिड व्हायची, आणि ती त्या बागेत त्या दिवशी पुन्हा झाली.

कारंज्याच्या पोटात

रोमचं ते प्रसिद्ध कारंजं, जिथे सगळे पाठमोरे उभे राहून नाणी टाकतात, ते एका रोमन पाटावर वाहतं. पाट दोन हजार वर्षांचा. मध्ये मोडला, पुन्हा बांधला, पुन्हा दुरुस्त केला, पण वाट तीच. शालनने नाणं टाकलं नाही. पाण्यात पैसा टाकायचा तर आपल्या नदीत टाकते, म्हणाली.

जवळच्याच एका गल्लीत जमिनीखाली जुन्या वस्तीचे अवशेष आहेत, तिथे उतरलो. एक जुनी पाण्याची टाकी आणि अजूनही झिरपणारं स्वच्छ पाणी. मग एका संग्रहालयात शिशाच्या नळ्या बघितल्या, त्यांवर मालकाचं नाव ठोकलेलं. ज्याला घरात पाणी हवं त्याला ठरावीक मापाची कांस्याची तोटी बसवून मिळायची, म्हणजे कुणी भोक मोठं करून जास्त ओढू नये. लोक तरीही ओढायचेच. पाणी खात्यातले कामगार हात ओले करून घेऊन चोरनळ्या जोडून द्यायचे. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे पाळी दुसऱ्याची असताना पाटाच्या बांधाला हळूच भगदाड पाडतात आणि विचारलं तर खेकड्याने पाडलं म्हणून सांगतात. आमच्या गावच्या खेकड्यांच्या अंगावर जेवढे गुन्हे आहेत तेवढे जिल्ह्यात कुणाच्या नसतील.

पाँपेई

सुजाताला सुट्टी मिळाली त्या दिवशी रेल्वेने पाँपेईला गेलो. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं हे शहर. माझ्या डोक्यात तिथली माणसं होती, पण पाय वळले ते रस्त्यावरच्या नळांकडे. जवळजवळ प्रत्येक नाक्यावर दगडी हौद, त्यावर तोंड कोरलेला खांब, त्या तोंडातून पूर्वी पाणी पडायचं. हौदाच्या कडेला एके ठिकाणी दगड झिजून खोलगट झालाय. शालनने सरळ जाऊन डावा हात तिथे टेकला आणि वाकली. हात त्या खळग्यात बसला. पाण्याला आलेल्या माणसांनी हात टेकून टेकून तो झिजवला होता. तिने हात काढला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी बघतोय हे कळल्यावर तिने ऊन फार आहे म्हणून सांगितलं. नोव्हेंबर होता आणि तिच्या डोक्यावर कानटोपी होती.

शहराच्या सगळ्यात उंच दरवाजापाशी एक विटांची छोटी इमारत आहे. पाट इथे येऊन संपायचा आणि इथून पाणी वाटलं जायचं. म्हणजे वाटणीची टाकी. एक गाईड बाई इंग्रजी बोलणाऱ्या पर्यटकांना समजावत होत्या, आम्ही तीन कोकणी माणसं शेजारी उभी राहून फुकटात ऐकत होतो. त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी हाकललं नाही, उलट हात करून जवळ बोलावलं. टाकीतून तीन वाटा निघतात, त्या म्हणाल्या. एक रस्त्यावरच्या हौदांना, एक स्नानगृहांना, एक श्रीमंतांच्या घरांना.

मी सुजाताला विचारायला लावलं की पाणी कमी झालं तर आधी कोण सुकायचं.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या म्हणाल्या की जुन्या लिखाणात असं सांगितलंय की घरं आधी सुकावीत आणि रस्त्यावरचा हौद शेवटपर्यंत वाहावा. ही टाकी खरोखर तशी चालायची का, ह्यावर जाणकारांचं एकमत नाही. मग त्या हसून म्हणाल्या, "माझं विचाराल तर श्रीमंतांनी तसं होऊ दिलं असेल असं मला वाटत नाही."

मलाही वाटत नाही. पण कुणाच्या तरी मनात ते आलं होतं आणि त्याने लिहून ठेवलं होतं. परतीच्या गाडीत मी डोकं खिडकीला टेकून बसलो आणि मनात आमच्या गावची टाकी बांधायला लागलो.

शाळेचा व्हरांडा

परत आल्यावर आठवड्याभरात बैठक झाली. तात्या बाकावर, बाकी लोक जमिनीवर आणि पायऱ्यांवर. शालन आणि आमच्या वाडीच्या बायका दाराशी उभ्या. मी फळ्यावर खडूने टाकी काढली.

झऱ्याखाली एक टाकी. तिला तीन तोंडं, तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर. सगळ्यात वरच्या तोंडाचं पाणी बागांना, सगळ्यांच्या, त्यात माझीही आली. मधल्या तोंडाचं घराघरांच्या नळांना. सगळ्यात खालच्या तोंडाचं पाणी एका सार्वजनिक नळाला, तो तिन्ही वाड्यांचा, आणि तो बसवायचा बौद्धवाडीच्या तोंडाशी. टाकी भरलेली असेल तेव्हा तिन्ही तोंडं वाहतील. पातळी उतरली की आधी बागा सुकतील, मग घरचे नळ. सार्वजनिक नळ शेवटपर्यंत वाहील.

तात्या बोटीवरचा माणूस. पातळी म्हणजे काय ते त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हंजे झरा माज्या जमनीत, आनि मे म्हयन्यात पानी भरायला मी तुमच्या वाडीत यायचा?"

वरच्या वाडीतून आमच्या वाडीत पाण्याला आजवर कुणी आलेलं नव्हतं. मी हो म्हणालो. मधल्या वाडीतल्या एकाने सुचवलं की मग सार्वजनिक नळ वरच ठेवू, खालचे चढून येतील. त्यावर दारातून शालन बोलली.

"वरचा नल ज्याच्या अंगनात त्याचा होतो. आमच्या अंगनातला नल आमी कदी कुनाला बंद केल्याला नाय. बगा यिऊन."

मग मी रिवाजावर आलो. पाईपासाठी चर खणायचाय, वरपासून खालपर्यंत, जांभ्यातून. आपला नियम काय, ज्याचं तोंड जिथे तिथवर त्याने काम करायचं. आजवर शेवटचं तोंड आमचं एकट्याचं होतं म्हणून आम्ही सगळा पाट केला. आता सगळ्यात खालचं तोंड सगळ्यांचं आहे. म्हणजे सगळ्यांनी खालपर्यंत खणायचं. आणि तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकच पाईप टाकून प्रत्येकाने वाटेत आपला नळ काढायचा असेल, तर त्यांनी त्यांच्या नळापर्यंत खणावं, आम्ही आमच्या. फक्त या वेळी प्रत्येक वाडीने आपलाच तुकडा खणायचा, म्हणजे झऱ्याखालचा वरच्या वाडीने एकटीनेच, कारण पाईप म्हणजे पाट नव्हे, दुसऱ्याचा तुकडा फुकट कोण खणेल? वरच्या वाडीत कुदळ धरणारे हात किती उरलेत ते मी बोललो नाही. पोरं मुंबईला आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

तात्यांनी फळ्यावरच्या सगळ्यात खालच्या तोंडाकडे बोट केलं. "पाट साफ करताना शेवटपातूर तुजा बापूसच असायचा," ते म्हणाले. "मी न्याहारीला घरी जायचा. तो खाली वाकल्याला दिसायचा." मग काठी टेकून उठले. "काढ तसाच. खनतील माजी पन मानसं. पोरांना बोलावतो."

ते गेल्यावर मी फळा पुसायला घेतला, तर शिक्षक म्हणाले, राहू दे, उद्या मुलांना दाखवतो.

मे

टाकी जानेवारीत बांधून झाली. तात्यांचा मुलगा मुंबईहून आला, दोन दिवस चर खणला आणि हाताला फोड आले म्हणून तिसऱ्या दिवशी पाईप उचलायचं काम घेतलं. मी त्याला हसलो, पण तो आला ह्याचंच मला जास्त अप्रूप वाटलं. पाणी सोडलं तेव्हा तिन्ही तोंडं वाहिली आणि टाकीच्या एका कोपऱ्यातून गळायलाही लागलं. पोफळीत जन्म काढून माझ्या टाकीला गळती, हे गाव अजून ऐकवतंय.

मार्चमध्ये बागांचं तोंड सुकलं. माझ्या सुपाऱ्या पिवळ्या पडायला लागल्या आणि मला त्याचं दुःख झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या शेवटी घरचे नळ गेले. आमच्या वाडीच्या तोंडाशी सार्वजनिक नळाला करंगळीएवढी धार उरली, पण ती तुटली नाही. व्हाळात ह्या वर्षी कुणी डवरा खणला नाही. मधल्या वाडीच्या बायका पहिल्या दिवसापासून हंडे घेऊन आल्या, रांगेत भांडल्या, हसल्या, भरून गेल्या. वरच्या वाडीतून कुणी येईना. सुट्टीला मुंबईहून आलेली त्यांची पोरं मोटारसायकलला कॅन बांधून देवरूखच्या रस्त्यावरच्या विहिरीवरून पाणी आणायची. मला वाटलं, वाटणी कागदावर झाली, तेवढीच.

मग एका सकाळी तात्या स्वतः उतरले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी कळशी. आमच्याकडे पुरुष कळशी घेऊन पाण्याला जात नाहीत, त्यात तात्यांच्या वयाचा तर नाहीच. शालनचा नंबर होता, तिने आपला हंडा बाजूला सरकवला. तात्यांनी कळशी धारेखाली लावली. उतरून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. कळशी भरेपर्यंत त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि प्यायला नळापुढे ओंजळ धरली.

माझ्या आजोबांना वरच्या वाडीत पाणी मिळायचं ते असंच, अंगणात उकिडवं बसून, पुढे केलेल्या ओंजळीत, वरून ओतलेलं. हे तात्यांना माहीत होतं. शालनलाही माहीत होतं. ती घरात गेली आणि पेला घेऊन आली, आम्ही रोज पितो तो.

"तात्यानू, वंजल कशाला? पेला घेवा."

तात्यांनी ओंजळ सोडली. ओला हात धोतराला पुसला, पेला घेतला, भरला आणि ओठांना लावून प्यायले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. रिकामा पेला त्यांनी शालनपुढे केला.

"आजून येक दे गो," म्हणाले. "तुज्या हातचा."